जिराफाच्या सपाता

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी सपातांचा एक रॅक होता. बाहेरची चप्पल बाहेर काढायची, आतल्या सपाता घालायच्या आणि मगच पाऊल टाकायचं, हा नियम. आत काचेच्या बश्यांमधून पेशी वाढत असायच्या, रस्त्यावरची धूळ त्यांना सोसत नसे. प्रत्येकाच्या सपातांवर मार्करने टोपणनाव लिहिलेलं. वरच्या कप्प्यात सध्याची माणसं, खालच्या कप्प्यात सोडून गेलेली. जाताना सपाता घेऊन जायच्या असतात हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मागाहून फेकून द्यायचं कुणी मनावर घेत नाही. त्यामुळे खालचा कप्पा म्हणजे माजी सदस्यांची धूळ खात पडलेली सभाच होती. 'पेंग्विन', 'मास्तर', 'झोपाळू', सगळे आपापल्या जागी.

त्या सभेतली एकच जोडी धूळ खात नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, 'जिराफ'.

हे माझ्याच नजरेत का आलं, याचं नवल नको. आमच्या घरात संशय मिठासारखा वापरला जातो. आई कुलूप लावून ओढून बघते, जिना उतरते आणि मला परत वर पाठवते, ओढून बघायला. शेजारीण विनाकारण गोड बोलली की आई दोन दिवस कारण शोधत बसते, आणि बहुतेक वेळा तिला ते सापडतं, हीच खरी अडचण. मी तिचीच मुलगी. शिवाय त्या वर्षी मला संशय घ्यायला भरपूर कारण होतं, ते आधी सांगते.

आम्ही किड्यांना पोहायला शिकवायचो. किडे म्हणजे जिवंत नव्हेत. मळसूत्राच्या आकाराची, केसाच्या जाडीहूनही लहान अशी यंत्रं, ज्यांच्यावर चुंबकीय लेप दिलेला असतो. मायक्रोस्कोपखाली काचपट्टी, पट्टीत कोरलेल्या अरुंद गल्ल्या, गल्ल्यांत पाणी आणि पाण्यात किडा. भोवती तांब्याच्या तारांची वेटोळी. वेटोळ्यांतून वीज फिरवली की किडा गरगरत पुढे जातो. पुढेमागे कधीतरी असा किडा औषध पाठीवर घेऊन माणसाच्या अंगात शिरेल आणि नेमक्या जागी उतरवेल, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. आमच्या सरांचा दावा त्याहून मोठा होता. त्यांचा किडा जॉयस्टिकने, म्हणजे माणसाच्या हाताने, चालवावाच लागत नाही. प्रोग्रॅम त्याला आपोआप चालवतो. त्यावर त्यांचा शोधनिबंध गाजला होता. मी पीएच.डी.ला आले तीच तो वाचून. तोच प्रोग्रॅम पुढे नेणं, हा माझा विषय.

आणि तो प्रोग्रॅम माझ्या हाताखाली एकदाही चालला नाही. किडा दोन वळणं घ्यायचा आणि भिंतीला जाऊन चिकटायचा. मी वेटोळी तपासली, पाणी बदललं, पट्ट्या बदलल्या, रागाच्या भरात खुर्चीही बदलली. सोमवारी सर हसत यायचे आणि माझ्यासमोर नवा व्हिडिओ ठेवायचे. "काल रविवारी मी स्वतः लावून बघितला. तुझाच प्रोग्रॅम. बघ कसा जातोय." आणि किडा झोकात सगळ्या गल्ल्या पार करून जाताना दिसायचा. "तुझा हात जड आहे," सर म्हणायचे. आपोआप चालणाऱ्या गोष्टीत माझा हात जड कसा लागतो, हे विचारायची सोय नव्हती. वर्षअखेरीला तो चालवून दाखवला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार होती, आणि ती टिकवायची की नाही हे सरांच्या हातात होतं.

त्या व्हिडिओंत एक गंमत होती. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी किडा थबकायचा, किंचित मागे सरायचा आणि मगच आत जायचा. दर वेळी. मी त्या थबकण्याच्या प्रेमातच पडले होते. किती मागे सरतो, किती वेळ थांबतो, गल्ली अरुंद असली की जास्त थांबतो का, सगळं मोजलं. प्रोग्रॅम पुढच्या मार्गाचा हिशोब करतो म्हणून तो थांबतो, असा सिद्धांत मांडून मी समीकरणांनी भरलेलं एक अख्खं प्रकरण लिहून काढलं. माझ्या प्रबंधात धड असं तेवढंच एक प्रकरण होतं.

तर, सपाता. सोमवारी सकाळी 'जिराफ'च्या तळव्यांना ओल दिसायची, दारातल्या जंतुनाशक पायपुसण्याची. म्हणजे रविवारी कुणीतरी त्या घालून आत गेलेलं असायचं. आणि रविवारीच किडे शहाण्यासारखे वागायचे. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

मी चौकशी केली. जिराफताई माझ्याआधी इथे होती. वर्षानुवर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर राहिली, मग नेमणूक संपली आणि गेली. सरांचा उजवा हात होती, असं एकजण म्हणाला आणि लगेच विषय बदलला. भिंतीवरच्या समूहफोटोत ती मागच्या रांगेत उभी होती. कपाळाच्या वरचा भाग चौकटीत मावला नव्हता. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर 'माजी सदस्य' या पानावर तिच्यापुढे एक ओळ होती: 'सध्या नेत्रोपकरण क्षेत्रात कार्यरत.' ही सरांची भाषा. ती मेहुण्यांच्या चष्म्याच्या दुकानात बसत होती.

माझं डोकं भराभर चालायला लागलं. माजी बाई रविवारी चोरून येते. का येते? पेशींचे नमुने पळवत असेल. दुसऱ्या कुणा प्रयोगशाळेला माहिती देत असेल. माझं काम मुद्दाम बिघडवून जात असेल, कारण तिच्या जागेवर मी आले. हा शेवटचा संशय मला सगळ्यात आवडला, कारण त्यात माझा हात जड नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मी हातमोज्यांची पावडर चिमूटभर त्या सपातांत टाकली. सोमवारी पावडरीत लांबलचक पावलाचा ठसा होता, अंगठ्यासकट. सरांना मी आडून विचारलं, "रविवारी कुणी येतं का हो?" सर म्हणाले, "मी येतो ना," आणि चहाच्या कपात बघायला लागले. सरांच्या पायाचा आकार मला माहीत होता. त्यांच्या सपाता वरच्या कप्प्यात होत्या, आणि त्यांत तिची एक टाच मावली नसती.

मग मी माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला केला आणि दुकान गाठलं.

अरुंद दुकान, दोन्ही भिंतींना आरसे. काउंटरवर तिची धाकटी बहीण होती. "बसा हं, ताई आत आहे. स्क्रूची कामं तीच करते," असं म्हणून तिने हाक मारली. आतल्या खोलीच्या दारातून जिराफताई बाहेर आली. आली म्हणजे, दाराशी थबकली, अर्धं पाऊल मागे सरली, मान जरा खाली घातली आणि मग बाहेर आली. दार चांगलं उंच होतं. तिच्या डोक्यावर आणखी हातभर जागा होती.

बहीण हसली. "बघा, अजून वाकते. आमचं लहानपण जिन्याखालच्या खोलीत गेलं. बाबा शिंपी होते, तिथेच मशीन, तिथेच आम्ही. दार बुटकं. ही उंच होत गेली आणि दार तेवढंच राहिलं. डोकं आपटून आपटून ही सवय लागली, ती जाईना."

"पुरे गं," जिराफताई म्हणाली आणि तिने माझा चष्मा हातात घेतला.

माझ्या डोळ्यांपुढे व्हिडिओ चालू झाला होता. गल्लीच्या तोंडाशी किडा थबकतो, किंचित मागे सरतो, मग आत जातो. माझं अख्खं प्रकरण, सगळी समीकरणं, काउंटरपलीकडे उभी राहून माझा स्क्रू घट्ट करत होती. मला हसू येत होतं, आणि त्याहून जास्त रडू येत होतं. तिने चष्मा परत देताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. स्क्रू आपणहून ढिला झाला की कुणी केला, हे तिच्यासारखीला कळत असणार.

पुढच्या रविवारी दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. रॅकच्या खालच्या कप्प्यात 'जिराफ'ची जागा रिकामी होती. आत ती मायक्रोस्कोपशी बसली होती, हातात जॉयस्टिक, पाठ ताठ. पडद्यावर किडा गल्लीतून जात होता.

"कोण?" तिने मान न वळवता विचारलं.

"मी. तुमच्या जागेवर आलेली."

"हां, पावडरवाली." किडा वळणावर होता, तो तिने आधी पार केला. "सपातांत पावडर कोण टाकतं गं? घसरून पडले असते म्हणजे?"

"आणि तुम्ही चोरून का येता?"

"चोरून?" आता तिने वळून पाहिलं. "सरांनी किल्ली दिलीय मला. तू येशील एक दिवस, असंही सांगितलंय. आणि आलीस की काय म्हणशील, तेही."

"काय म्हणेन?"

"मी परत येऊ नये म्हणून काहीतरी सांगशील. बोल, सांग."

मी थक्क झाले. मी तिच्यावर संशय घेत होते, आणि ती तितकीच मनापासून माझ्यावर. दोघींच्या मधे सर आरामात चहा पीत होते. मग एकेक करून तिच्याकडून निघालं. प्रोग्रॅम तिच्या हातावरून शिकतोय, असं तिला सांगितलेलं. रविवारी ती चालवते, ते त्यात भरलं जातं, आणि आठवडाभर तो तसाच आपोआप चालतो. नवी मुलगी तो छान चालवते. समिती येणार आहे, तिला प्रात्यक्षिक दाखवलं की नवी जागा मंजूर होईल, कायमची. ती जागा जिराफताईची. त्या दिवशी तिने शेजारच्या पेशींच्या खोलीत बसून दुसऱ्या जॉयस्टिकने किडा चालवायचा. तोवर कुणाशी बोलायचं नाही, कारण नव्या मुलीला ते खपणार नाही.

"ताई, तो प्रोग्रॅम चालतच नाही," मी म्हणाले. "कधीच चालला नाही. तुमचेच व्हिडिओ मला दाखवून माझा हात जड आहे म्हणतात. निबंधात तुम्हाला 'आपोआप' म्हटलंय."

"खोटं."

मी जॉयस्टिकची वायर काढली आणि प्रोग्रॅम लावला. किडा दोन वळणं गेला आणि भिंतीला चिकटला. पुन्हा लावला. पुन्हा चिकटला. ती पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हिला पटेल.

"तूच बिघडवला असशील," ती म्हणाली.

माझा संयम सुटला. "बरं! मी बिघडवला. मग समितीपुढे तुम्ही शेजारच्या खोलीत बसून दुसऱ्या जॉयस्टिकने चालवणार, ते कशाला? आपोआप चालतो ना?"

"ती नुसती खबरदारी. पाहुण्यांसमोर अडखळायला नको म्हणून. माझा हात सुटला तर प्रोग्रॅम पुढे धरतो, सरांनी मला सांगितलंय."

"मग सोडून बघितलात कधी?"

तिने हातातल्या जॉयस्टिककडे पाहिलं. "सोडला की किडा चिकटतो. तो ओढून काढताना मोडतो. इतक्या वर्षांत मी एकदाही हात सोडलेला नाही." हे तिने अभिमानानेच सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला.

"आणि एक सांगा," मी म्हणाले. "तुम्ही जितका सुंदर चालवाल तितकं समितीला पटणार की इथे माणसाची गरज नाही. मग ते माणसाची जागा मंजूर कशाला करतील?"

तिने जॉयस्टिकची वायर पुन्हा जोडली. बराच वेळ तिने ती नीट बसली की नाही ते चाचपलं. "तू जा आता," ती म्हणाली.

मी घरी गेले ते ती सरांना फोन करणार याची खात्री धरून. सोमवारी सर माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "संपलं. तुझं नाव कापलं." मला कुणाचाच भरवसा वाटेना. जिराफताईचा तर अजिबातच नाही. तिला ती जागा हवी होती, आणि हवी असणाऱ्या माणसाला काहीही पटवता येतं. समितीपुढे आपणच उभं राहून बोलायचं, असं मी रोज ठरवायचे आणि रोज मोडायचे. माझ्याकडे पुरावा काय होता? एका बाईची दारात वाकायची सवय.

समितीचा दिवस आला. तिघं पाहुणे, त्यांत अध्यक्ष एक वयस्कर बाई, सगळ्यांच्या पायात आम्ही आणून ठेवलेल्या नव्या कोऱ्या सपाता. सर रेशमी आवाजात बोलत होते. मी पडद्याशेजारी उभी होते, कळ दाबायला. खालचा कप्पा मी येतानाच बघून घेतला होता. 'जिराफ'ची जागा रिकामी होती. शेजारच्या पेशींच्या खोलीचं दार बंद होतं.

मी कळ दाबली. किडा निघाला. पहिली गल्ली: थबकला, मागे सरला, आत गेला. दुसरी गल्ली तशीच. एक पाहुणे म्हणाले, "वा! जणू विचार करून जातोय." सर म्हणाले, "प्रोग्रॅम पुढचा हिशोब करतो, त्यामुळे. माझ्या विद्यार्थिनीचं त्यावर प्रकरण आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझे कान तापले. मी तोंड उघडलं होतं, पण त्यातून शब्द निघायला तयार नव्हता.

शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी किडा थबकला. मागे सरला. आणि तिथेच राहिला.

"आता जाईल," सर म्हणाले.

गेला नाही. पाण्यात हळूहळू तिरका झाला, बाजूला वाहत गेला आणि भिंतीला टेकला. सर कोरडं हसले, पुढे झाले आणि कीबोर्डवर काहीतरी आपटलं. किडा चिकटलेलाच. मला आधी वाटलं, वायर निघाली असेल. मग शेजारच्या दाराचा आवाज झाला आणि बोळातून सपातांची चटचट ऐकू आली.

जिराफताई आमच्या दाराशी येऊन थबकली. अर्धं पाऊल मागे सरली, मान खाली घातली आणि आत आली. हातात जॉयस्टिक होती, वायर मागे लोंबत होती. अध्यक्ष बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"सर, मी हात सोडून बघितला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही म्हणाला होतात, प्रोग्रॅम धरेल. कुणी धरलं नाही."

सर म्हणाले, "या आमच्या माजी सदस्य. यांचा इथे काही संबंध नाही."

"रविवारचा असतो," मी म्हणाले. एवढंच जमलं, पण जमलं.

पुढचं फार काही सांगण्यासारखं नाही. जागा मंजूर झाली नाही, हे उघडच होतं. निबंध मागे घ्यावा लागला, सर चौकशीच्या आधीच निवृत्त झाले आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. आम्ही सगळेच माजी झालो. मी माझ्या सपाता पिशवीत घातल्या. जिराफताईने तिच्या तिथेच ठेवल्या. म्हणाली, "राहू दे. घरी कुठे घालू?" हे ती हसून म्हणाली, पण मला ते फार लागलं. तिने हात सोडला नसता, तर कदाचित तिला ती जागा मिळालीही असती. मी सांगितलं म्हणून तिने सोडला. अर्थात ती म्हणते, "तुझ्यावर विश्वास ठेवून नव्हे. तुमच्या दोघांवरही नव्हता, म्हणून सोडून बघितला."

दुसऱ्या मार्गदर्शकांकडे मी प्रबंध नव्याने लिहिला. ते प्रकरण फाडायला काढलं होतं, पण जिराफताईने आडवा हात घातला. "मोजमाप चुकलंय का?" तिने विचारलं. मोजमाप चुकलं नव्हतं. मापं सगळी बरोबर होती, फक्त ती एका बाईची होती. मी प्रोग्रॅमच्या जागी तिचं नाव घातलं, तिचं खरं, पूर्ण नाव, आणि विषय झाला: माणसाच्या हाताने किडा कसा चालतो.

तोंडी परीक्षेला ती मेहुण्यांना सांगून आली आणि मागच्या रांगेत बसली. परीक्षक त्याच अध्यक्ष बाई होत्या. त्यांनी ते प्रकरण उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मापं चोख आहेत," त्या म्हणाल्या. "पण कारण कुठे दिलेलं नाही. गल्लीच्या तोंडाशी हा थबकतो आणि मागे सरतो, ते कशामुळे?"

"कारण मागच्या रांगेत बसलंय," मी म्हणाले. "त्यांनाच विचारा."

सगळे वळले. जिराफताई उठून उभी राहिली. मानेला नेहमीचा बाक द्यायला गेली, मग वर छताकडे पाहिलं आणि ताठ झाली.

"दार बुटकं होतं," ती म्हणाली. "डोकं आपटायचं."

बाईंनी पेन उघडलं आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.